रिकाम्या चौकाचा फोटो

जुन्या फोटोंतले माझ्याइतके या शहरात कुणाला कळत नाही. फोटो सुलटा टांगलाय की उलटा, हे मी दारातूनच सांगतो. चष्मा घरी राहिला असेल तर शेजाऱ्याला विचारून सांगतो. तेव्हा पुढची गोष्ट माझ्या अकलेची समजू नका. ऐकली तशी सांगतो. जिथे विसरेन तिथे तुम्ही मान डोलवा, शिकलेल्या माणसांना ते चांगले जमते.

एकदा एका वाढत्या शहरात एक वृद्ध छायाचित्रकार राहत होता. त्याच्याजवळ लाकडी पेटीचा जुना कॅमेरा होता, उचलायला दोन माणसे लागावीत असा. त्याच्याकडे एक शिष्य शिकायला येई. शिष्य विद्वान होता. पदव्या नावाच्या आधी लावाव्यात की नंतर, एवढीच काय ती त्याला विवंचना. शहराच्या एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार होते, आणि प्रत्येक चित्राखाली ओळ लिहिण्याचे काम नगरपालिकेने त्याच्यावर सोपवले होते.

त्यांत एक चित्र वेशीजवळच्या चौकाचे होते. दगडी हौद, पिंपळ, नव्याने उभारलेला कंदिलाचा खांब, आणि मधोमध खुर्चीत बसलेले एक पगडीवाले गृहस्थ. बाकी चिटपाखरू नाही. जमिनीलगत थोडे धुके.

हे पगडीवाले म्हणजे गावातल्या एका व्यापाऱ्याचे पणजोबा. त्या शेठने अर्ज केला होता की चौक आमच्या घराण्याचा खाजगी आहे, तिथे आम्हाला फाटक घालायचे आहे. आता पंचाईत अशी, की मळ्यांतल्या माळणी रोज सकाळी भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन याच चौकातून मंडईत जात. फाटक लागले तर अख्ख्या नाल्याला वळसा. पोचेपर्यंत गिऱ्हाईक घरी जाऊन जेवायला बसायचे. त्या म्हणाल्या, आमच्या आज्या-पणज्या इथूनच गेल्या, आमची वहिवाट आहे. शेठ म्हणाले, दाखवा वहिवाट. हा फोटो बघा, आहे का यात एक तरी पाटी?

नगरपालिकेने ठरवले, विद्वान लिहील ते प्रमाण. स्वतःला काही ठरवायचे नसले की नगरपालिकेला विद्वान आठवतात.

शिष्याने ओळ लिहून गुरूपुढे ठेवली : ‘हिवाळ्यातील पहाट. वर्दळ नसलेला खाजगी चौक.’

“बाबा, बरोबर आहे ना?”

“अक्षर सुरेख आहे,” वृद्ध म्हणाला. “उद्या मंडई भरायच्या वेळी कॅमेरा चौकात घेऊन ये. आणि शेठना सांग, पणजोबांसारखा फोटो काढून देतो. खुर्ची तेवढी आणा.”

शेठ खुर्ची घेऊन आले. पगडीही घालून आले; कुणाच्या तरी लग्नातली असावी, कारण तिला अजून अक्षता चिकटलेल्या होत्या. चौक गजबजला होता. पाट्या चालल्या होत्या, सायकली घंटा वाजवत होत्या, दोघे भांडत चालले होते आणि बाकीचे ते ऐकत येत-जात होते.

“शेठजी, आता हलायचे नाही.”

“माशी बसली तर?”

“बसू द्या. तीही घराण्यातली समजू.”

वृद्धाने पेटीत फोटो उमटायची काच सरकवली, भिंगाचे टोपण काढले आणि तो कॅमेऱ्यामागच्या एका पायरीवर जाऊन बसला. चंची सोडली. पान पुसले, चुना लावला, सुपारी कातरली, विडा तोंडात घातला आणि सावकाश चघळू लागला.

“बाबा, टोपण राहिलं,” शिष्य कुजबुजला.

“राहू दे. तूही बस.”

ठकूबाई नावाची म्होरकी माळीण कमरेवरची पाटी शिष्याच्या कोपराला घासत पुढे गेली. “शेठना काय झालं हो? देवावानी बसल्यात.”

“नैवेद्य दाखव,” वृद्ध म्हणाला. शेठना हलायची मनाई होती.

विडा संपला तेव्हा टोपण लागले. दुपारी अंधाऱ्या खोलीत काच धुतली. चित्र उमटले : हौद, खांब, पिंपळाचा बुंधा, आणि पगडी घातलेले शेठ. बाकी चिटपाखरू नाही. जमिनीलगत थोडे धुके.

शिष्याने काच उजेडात धरली. मग त्याने नकळत आपले कोपर चोळले.

“पण ती सगळी तिथे होती, बाबा.”

“होतीच,” वृद्ध म्हणाला. “ही काच जुन्या जातीची, मंद. तिला माणूस ओळखायला वेळ लागतो. जो समोर बसून राहिला त्याला ती ठेवून घेते. जो चालत गेला त्याचे धुके करते. सकाळच्या वेळी खुर्चीत बसायची सवड कुणाला होती, एवढेच तो जुना फोटो सांगतो, आणि खरे सांगतो. तिथे कुणी नव्हते, हे फोटो बोललेला नाही. ते तुझ्या अक्षरात आहे.”

शिष्याने कागद फाडला. दोन्ही चित्रे शेजारीशेजारी लावून खाली लिहिले : ‘स्थिर राहिले तेवढेच दिसतात. धुके दिसते ती वर्दळ आहे.’

नगराध्यक्ष चित्रे पाहायला आले. नवा फोटो काढला त्या सकाळी ते स्वतः कोथिंबीर आणायला त्याच चौकातून गेले होते. त्यांनी नव्या चित्रात स्वतःला पुष्कळ शोधले. सापडले नाहीत, तेव्हा त्यांनी तिथेच शेठच्या अर्जावर शेरा मारला : फाटक नको. शेठ रुसले, पण फोटोची मोठी प्रत त्यांनी मागून नेली. पगडी छान आली होती.

दुसऱ्या दिवशी वृद्ध भारी खुशीत चौकात उभा होता. ठकूबाई येताना दिसली तशी त्याने हाक मारली.

“ठकूबाई, तुझी वाट राहिली. पण चित्रात तू अजून कुठेच नाहीस. ये, हौदापाशी स्थिर उभी राहा. तुलाही पणतवंडांसाठी ठेवून देतो.”

ठकूबाईने पाटी उतरवली आणि त्याच्या पायांशी ठेवली.

“ऱ्हाते की. तवर ही पाटी तुम्ही डोक्यावर घ्या, बाबा, आन् मंडईत जाऊन या. मेथी थांबायची न्हाई.”