सोपानने निवडलेलं यंत्र

कारखानदार भास्करराव नगरकर गाडीसाठी रस्ता दाखवणारं यंत्र घ्यायला दुकानात गेले. सोबत एकोणीस वर्षं त्यांची गाडी चालवणारा सोपान होता.

"उद्यापासून गाडी मीच चालवणार," ते दुकानदाराला ऐटीत म्हणाले. "सगळे रस्ते माहीत असलेलं आणि रजा न मागणारं यंत्र द्या. सोपान, तूच निवड. तुझ्याच जागी बसणार आहे ते!"

सोपानने चार यंत्रं पाहून एक पुढे केलं.

"हे घ्या, साहेब. यात नेहमीचे पत्ते भरून ठेवता येतात. पहिला तुमच्या आईंच्या वृद्धाश्रमाचा भरा. दर रविवारी डबा घेऊन मी एकटाच जायचो. तुम्हाला रस्ता सापडायचा नाही."

त्याने गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली आणि तो निघून गेला.

"पत्ता काय घालू, साहेब?" दुकानदाराने विचारलं.

भास्कररावांना तो सांगता आला नाही.