झिपरू पाटकऱ्याचं पाणी

ऐका लेकरांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा कान द्या. फार वर्षं झाली. तेव्हा आपल्या नदीवरचा बंधारा गावाचा होता, आणि पाटाचं पाणी शेताशेतांत सोडायचं काम झिपरू पाटकऱ्याकडे होतं. त्यानं नुसतं फावडं टेकलं की पाणी वळायचं, असं म्हणतात.

गावाचा एक नेम होता. दरसाल खंडोबापुढे प्रत्येक शेतकरी भंडारा उचलून शपथ घ्यायचा, की पाटाच्या टोकाची वस्ती आधी पिणार, मग आम्ही. त्या वस्तीखाली सगळा पाषाण, विहिरीला पाणी लागायचं नाही. झिपरूची एकुलती एक लेक ठगू तिथंच दिली होती.

एका पुरात बंधारा फुटला. नवा बांधायची गावाची ऐपत नव्हती. तेव्हा किसनदास शेठ आला. गोडबोल्या माणूस! म्हणाला, "नदी तुमची, अंगमेहनत तुमची. दगड, चुना, गवंडी माझे. बंधाऱ्याच्या दाराची किल्ली तेवढी माझ्याकडे राहील. पाण्यात आपण भागीदार."

गाव हरखलं. बंधाऱ्याच्या दाराला शेठशिवाय कुणी हात लावणार नाही, असा सगळ्यांनी भंडारा उचलून शब्द दिला. टोकाच्या वस्तीची शपथही झाली. शेठनंही भंडाऱ्याकडे हात पुढे केला, आणि इथंच झिपरूनं घात केला बघा! तो म्हणाला, "छे छे, शेठजी! पाहुण्याकडून कुठं शपथ घेतात?" सगळ्यांनी माना डोलावल्या. रीतच होती तशी.

काही वर्षं बरी गेली. मग पावसानं दडी मारली. शेठनं सगळं पाणी बंधाऱ्यालगत लावलेल्या आपल्या उसाकडे फिरवलं. टोकाच्या वस्तीत हंडे पालथे पडले. ठगूनं निरोप धाडला, "बाबा, पोराच्या घशाला कोरड पडलीय. पाणी सोडा."

झिपरू धावत गेला, शेठच्या पाया पडला. शेठ पान चघळत म्हणाला, "पाटकरीबुवा, मी कुठं भंडारा उचलला होता?"

झिपरू दारोदार फिरला. "चला रे, दार फोडू!" कुणी उठेना. देवापुढचा शब्द मोडायचा कसा? झिपरू ओरडला, "अरे, माणसं मरतायत आणि शब्द कसले सांभाळता!" पण दारापाशी गेल्यावर झिपरूचाही हात उठेना. शपथ त्यानंही घेतली होती.

मग तो कोरड्या पाटात उतरला. फावडं ओढत, "चल गं बाई, चल" असं पाण्याला विनवत टोकाकडे निघाला. चालून चालून टाचा फुटल्या, आणि त्या पावलांमधून झरा फुटला, असं म्हणतात. पाणी गाईसारखं त्याच्या मागून चालत आलं.

वस्तीत पोचला तर दारं सताड उघडी, चुली थंड. माणसं पाण्यापायी देशोधडीला लागली होती. ठगूच्या अंगणाच्या कडेला मातीचा लहानसा उंचवटा होता आणि त्यावर पोराचं टोपडं. झिपरूनं लेकीला हाका मारल्या. तो तिथंच बसला आणि मागून आलेलं पाणी त्याच्यासकट जमिनीत जिरलं, असं म्हणतात.

पुढे शेठ गेला, बंधारा गाळानं भरला. ती वस्ती काही पुन्हा बसली नाही. पण अजूनही चैत्रात गाव डोक्यावर भरला हंडा घेऊन तिथं जातं. गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस झिपरूच्या नावानं तो हंडा अंगणात ओततो आणि म्हणतो, "ठगू, पाणी आणलंय गं. उशीर झाला."