दुबळं पिल्लू आणि घट्ट दूध

कोण्या एका माळावर एक मेंढपाळ होता. त्याला घर नव्हतं. गवत असेल तिथं बिऱ्हाड. बायको, मेंढरं, एक घोडी, एवढाच पसारा. राखणीची कुत्री लांडग्यानं नेली होती. मागं तिचं एक पिल्लू उरलं होतं. पुढं राखण त्याच्यावरच होती.

त्या पिल्लाला रक्ताची हगवण लागली. जगेल असं कुणालाच वाटलं नाही, पण जगलं. हगवण थांबली. अंगावर हाडं आणि कातडं तेवढं राहिलं. उभं केलं की पाय फाकून बसे.

अशात गवत संपलं. त्याचा थोरला भाऊ माळावरच्या साऱ्या बिऱ्हाडांचा पुढारी. त्यानं उद्या निघायचं म्हणून सांगितलं. रीत अशी होती की दमलेली कोकरं घोडीवर घालायची, कुत्र्यानं मात्र आपल्या पायांनी चालायचं. न चालेल ते मागं राही.

मेंढपाळ मानी माणूस. रीत मोडू द्या, असं तो मागणार नव्हता. उद्यापर्यंत पिल्लात ताकद आणायची, असं त्यानं मनाशी धरलं. नुकत्याच व्यालेल्या मेंढीचं घट्ट दूध काढून त्याच्यापुढं ठेवलं. बायको म्हणाली, हे जड सोसायचं नाही, पातळ पेज द्या. त्यानं ऐकलं नाही. याच दुधावर कोकरं उड्या मारतात, म्हणाला. पिल्लानंही वाटी चाटूनपुसून साफ केली.

संध्याकाळी सगळं उलटून पडलं. हगवण पुन्हा लागली. पिल्लानं मान टाकली.

बायको मीठ-गुळाचं पाणी बोटानं त्याच्या तोंडात सोडत बसली. वर न बघता म्हणाली, "निघायची घाई तुम्हाला होती. ती त्याच्या पोटात ओतलीत."

खरं होतं.

सकाळी थोरला भाऊ आला. पिल्लू धुगधुगत होतं. "सोड ते," भाऊ म्हणाला. "कुत्र्यापायी मेंढरं उपाशी मारतोस का?"

"एक दुभती मेंढी राहू दे, बाकीची माझी मेंढरं घेऊन जा, दादा. आम्ही मागनं येतो."

"आणि हे उठलंच नाही तर?"

"तर थांबू."

"मग वरात काढूनच या त्याची," म्हणत भाऊ निघून गेला. माळ रिकामा झाला.

मेंढपाळ पेज निववून चमच्यानं पाजू लागला. पिल्लू आणखी मागे, त्याची बोटं चाटे. त्याचा जीव तुटे. तरी तो भांडं झाकून लांब जाऊन बसे. लांडग्यामागं धावणं सोपं, हे अवघड. पेज हळूहळू दाट झाली. मग पाणी घातलेलं दूध पचलं. रोज तो पिल्लाला थोडं चालवी आणि दमायच्या आत थांबवी.

एके सकाळी पिल्लू आपलं आपण उठलं, लटपटत घोडीपाशी गेलं आणि तिच्यावर भुंकलं. घोडीनं शेपूट झटकली. पिल्लू कोलमडलं, उठलं, पुन्हा भुंकलं. बायको तोंडाला पदर लावून हसली. मेंढपाळाच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"बांध बिऱ्हाड," तो म्हणाला.

पिल्लू चालेल तेवढंच ते चालले. ते दमलं की मेंढपाळ त्याला खांद्यावर घेई.

पिल्लू खांद्यावर असतानाच नव्या माळावरून थोरल्या भावानं त्यांना येताना पाहिलं. रीत मोडली होती. भाऊ पुढं आला आणि पिल्लाला उतरवून घ्यायला त्यानं दोन्ही हात पसरले.

तात्पर्य: आजारातून उठणाऱ्याला त्याला सोसेल तेवढंच द्यावं, आपली घाई त्याच्यावर लादू नये.