पटकीबाईचा गाडा

एकदा काय झालं, नदीकाठच्या करंजोळ गावात पटकीबाई शिरली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू आणि पावलं उलटी. ती ज्या दाराशी बसायची, त्या घरातली माणसं ओकून ओकून सुकायची. मागं रडायलाही कुणी उरत नसे.

मग पंच जमले. पंच म्हणजे गावाचं बरंवाईट बघायला बसवलेली माणसं, बरं का. ती बघत होती पानाच्या डब्याकडे. थोरले दौलतअण्णा म्हणाले, "बाईला गाड्यात बसवा, वरच्या गावाच्या शिवेत सोडून या." तशी रीतच होती.

गाडा वरच्या उपळ्यात गेला. तिथं माणसं मेली. उपळेकरांनी तो खालच्या बोरवंडात ढकलला. तिथंही मेली. मग बोरवंडात गाडा ढकलण्याएवढं धडधाकट कुणी उरलं नाही.

एका दुपारी करंजोळच्या वाटेवर चाकं वाजली. कर्र, कर्र. गाड्याला बैल नव्हते. तो आपला आपण येत होता. थांबला तो यसूच्या दाराशी. आत तिची लेक ठकू पडली होती. ओठ निळे, डोळे खोल.

यसू उंबऱ्यात आडवी झाली. "तुला तर घालवलं होतं. वाट कशी सापडली?"

पटकीबाई हसली. "उपळ्याची घाण नदीत, तीच नदी तुझ्या घागरीत. तूच मला रोज डोक्यावरून आणतेस. हो बाजूला."

यसू हटली नाही. तिनं पाणी खळखळून उकळलं, मीठ-गूळ घालून निववलं आणि चमच्या चमच्यानं ठकूला पाजलं. मग शेजारणीला लेकीपाशी बसवलं आणि नदीची घागर नेऊन पंचांपुढं ठेवली.

"अण्णा, गाव राखता ना? मग प्या."

कुणाचा हात पुढं येईना.

"आम्ही हेच पितो," यसू म्हणाली.

मग तिन्ही गावांचे पंच एकत्र बसले. नदीत घाण टाकायची बंदी झाली. कठड्याच्या विहिरी खणल्या. आणि यसूनं एक अट घातली: रोज सकाळी विहिरीचा पहिला तांब्या पंचांनी चारचौघांत प्यायचा. मग काय विचारता, पंच विहिरीभोवती कुत्रंसुद्धा फिरकू देईनात.

ठकू उठून बसली, भाकर मागू लागली. पटकीबाई शिवेबाहेर गेली. मेली नाही हं ती. तिथंच बसलीय, पंच कधी पेंगतात ते बघत.

म्हणून जागायचं पंचांनी. तुम्ही मिटा डोळे.