चार गोटे आणि शांततेचं प्रदर्शन

एक होतं रान. रानाला होता वाघ, वाघाला होती भूक, आणि पोट भरलं की वाघाला शांतता फार आवडायची. अशाच एका भरल्या पोटी महाराजांनी फर्मान काढलं: रानात शांततेचं प्रदर्शन भरवा. सर्वसमावेशक हवं, आणि पर्यावरणाला धक्का नको.

काम सोपवलं टिटवीकडे. वाघ दिसला की ओरडून रान जागं करणारी तीच. मांडणीत गुंतली की तोंड बंद राहील, असा प्रधान कोल्ह्याचा होरा. टिटवीला ते कळत होतं, पण नदीकाठी तिची चार अंडी उघड्यावर पडलेली. नाही म्हणते कशी?

"एकही झाड तोडायचं नाही," कोल्हा म्हणाला. "मांडव हाडांचा."

"इतकी हाडं आणायची कुठून, प्रधानजी?"

"रोज येतात, बाई."

मांडव उभा राहिला. भिंतीवर हरणांची शिंगं, डुकरांचे सुळे, सशांची कातडी. प्रत्येक समाजाला स्थान, आणि खाली पाटी: 'स्वेच्छेने दिले'.

कोल्हा पाहणीला आला. "झकास. पण तुमच्या समाजाचं काहीच नाही हो. चार अंडी आहेत म्हणे? उद्घाटनाला आणा."

नदीकाठी जाऊन टिटवी अंड्यांवर बसली आणि मनसोक्त रडली. मग तिचं लक्ष शेजारच्या गोट्यांकडे गेलं. तोच रंग, तेच ठिपके. टिटव्या पिढ्यान् पिढ्या अंडी अशीच तर लपवतात. उद्घाटनाला तिने चार गोटे गवतावर मांडले. प्रधान झाल्यापासून कोल्ह्याची वास घ्यायची सवय सुटली होती, म्हणून निभावलं.

वाघ भाषणात म्हणाला, "बंधू-भगिनींनो, माझ्या राज्यात ही पिल्लं महिन्याच्या आत बाहेर येतील."

महिना उलटला. गोटे ते गोटेच. तेव्हा कोल्ह्याने दवंडी पिटली: पिल्लं बाहेर आलेली आहेत, ज्यांना दिसत नसतील त्यांनी महाराजांना समक्ष भेटून सांगावं. सगळ्यांना दिसली. सशाला तर त्यातलं एक हसतानाही दिसलं. वहीत नोंद झाली: टिटवी, पिल्लं चार, मुक्काम प्रदर्शन.

इकडे नदीकाठी खरी अंडी फुटली. टिटवीचा आनंद पंखांत मावेना. पण पिल्लंच ती. एक दिवस आईच्या मागे तुरुतुरु धावत थेट मांडवाच्या दारात आली.

कोल्ह्याने वही उघडली. "टिटवीबाई, तुमची चार तर आत आहेत. साऱ्या रानाने पाहिलीत. मग ही कुणाची?"

टिटवीने चोच उघडली. आत गोटे आहेत म्हणावं, तर महाराज खोटे ठरतात. तिने पिल्लांना पंखाखाली घेतलं. "माझीच आहेत हो, प्रधानजी," ती एवढंच म्हणाली.

"नोंद नाही. म्हणजे बाहेरून आलेली. संध्याकाळच्या आत नदीपलीकडे धाडा."

प्रदर्शन पाहायच्या रांगेत, आपल्या थोरल्या भावाच्या कातड्यासमोर उभा असलेला ससा म्हणाला, "योग्यच आहे. अशा बाहेरच्यांमुळेच रानातली शांतता बिघडते."