फुलावर आलेली मटकी

एका वर्षावासात उपासिकांनी व्रत धरले होते, की दारच्या पिंपळाच्या आळ्यातली माती उघडी ठेवायची नाही. निवडलेल्या भाजीची देठे आधी तिच्यावर पसरायची, मगच चूल पेटवायची. त्या व्रतामागची ही कथा.

पूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात विरूढ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गावी खेमक नावाचा शेतकरी होऊन जन्मले. त्या गावात ज्वारीचे रान पावसाळाभर उघडे ठेवीत, सारखा कुळव फिरवून गवताची काडी दिसू देत नसत. ज्याचे रान असे स्वच्छ, त्याच्याच इर्जिकीला गाव आपापले बैल घेऊन येई, दिवसभर नांगरून देई आणि त्याच्या घरी जेवून जाई.

पण दर पावसात ओढा काळा होऊन वाहे. ती आपलीच माती चालली आहे, हे खेमकाच्या मनाला लागले. त्या वर्षी त्याने मृगातच सबंध रानात मटकी पेरली. वेलांनी जमीन झाकली. श्रावणात मटकी फुलावर आली, तेव्हा ती तशीच मातीत गाडायचे त्याने ठरवले.

पारावर वाद रंगला. कोणी म्हणाले, शेणखत पुरे आहे. कोणी म्हणाले, हिरवे गाडले की कीड माजते. शेणखतही ओढ्यानेच जाते, हे खेमकाने शांतपणे सांगितले. गावचा प्रमुख, ग्रामणी भद्दक, समजुतीने बोलला, की शेंगा खा, मग गाड.

"शेंगा धरेपर्यंत मटकी सगळी ओल पिऊन टाकील, दादा. ज्वारीची पेरणीही हुकेल."

"मातीला जेवायला घालतोस होय? मग इर्जिकीलाही मातीलाच बोलाव," भद्दक म्हणाला.

पार हसला. गाव येणार नाही, हे खेमकाला कळून चुकले.

घरी कोठीतले धान्य बेताचेच होते. त्याची पत्नी उत्तरा म्हणाली, "पोरं रोज शेंगा धरल्या का बघून येतात. त्यांना काय सांगू?"

खेमक म्हणाला, "आजवर मातीकडून घेतच आलो. यंदा एक घास तिला घालू दे."

"मग बांधाकडच्या चार ओळी तरी बियाण्याला राखा," ती म्हणाली. ते त्याने मानले.

इर्जिकीच्या दिवशी कोणी फिरकले नाही. खेमकाने आपल्या एकाच बैलजोडीने, बैलांना विसावा देत देत, उरलेले सारे रान नांगरले. उत्तरा मागून वेल सरीत दाबत गेली.

पुढे ज्वारी पेरून झाली, पण हस्ताचा पाऊस आलाच नाही. गावाच्या रानांना भेगा पडल्या, ज्वारी पिवळी पडली. खेमकाची मात्र पोटात कणीस धरून पोटरीवर आली. एके सकाळी भद्दक बांधावर आला. त्याने माती उकरून मुठीत दाबली. तिचा गोळा झाला.

खेमकाने त्याला काही विचारले नाही. सुगी होताच त्याने घरोघरी ज्वारी पोचवली आणि बांधाकडची मटकीही बियाण्यासाठी वाटली. पोरांनी त्यातली उसळसुद्धा चाखली नव्हती.

"गाडीन मी," भद्दक खाली बघत म्हणाला. "इर्जिकीला येशील ना?"

"माती तर येणारच आहे, दादा. तिच्यासोबत मीही येतो."

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगून ओळख पटवून दिली: तेव्हाची उत्तरा ती यशोधरा, भद्दक तो उदायी, आणि खेमक ते स्वतः तथागत. हसे झाले, भूक दिसली, तरी जो निश्चय ढळला नाही, ती अधिष्ठान पारमिता.

बायांनो, आज भाजी निवडाल तेव्हा देठे फेकू नका. दारची ओंजळभर माती तरी झाका.