रिकाम्या घागरीचा आवाज

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक गाडीवान राहत होता. लहानपणी ऐकलेला एक आवाज त्याच्या मनात घर करून राहिला होता. घाटावरून शेजारच्या देशातल्या गाड्या उतरायच्या आणि प्रत्येक गाडीमागे टांगलेली रिकामी घागर ठणठण वाजायची. गावातली पोरं हसायची, "आले बघा घागरवाले! घरात पाणी नाही, नुसती भांडी मिरवतात!" तोही हसायचा.

केस पिकल्यावर तो एकदाचा तो देश बघायला निघाला. घाटमाथ्यावर जनावरांसाठी एक दगडी डोण होती, काठोकाठ भरलेली. आसपास ना विहीर, ना झरा. बैल पोटभर प्याले. पाणी आलं कुठून, हे काही त्याने विचारलं नाही.

त्या मुलखात तो खूप फिरला. लाल धुळीचे रस्ते संपता संपेनात. भाकरी जाड, ताक आंबट. बांधावरून लोक हाक मारायचे, "पाहुणं, कोणतं गाव?" आधी त्याला बरं वाटलं, पुढे उत्तर द्यायचाही कंटाळा आला. हाडं खिळखिळी झाली, बैलांच्या माना सोलवटल्या.

"पुरे झालं," तो बैलांना म्हणाला, "देश सगळे सारखेच. चला घरी."

परतताना घाटाखालच्या विहिरीवर एक म्हातारी पाणी शेंदत होती.

"लेका, ही घागर वर ने आणि डोणीत ओत. आमच्याकडून घाट चढणारी प्रत्येक गाडी नेते."

"मी काय पाणक्या आहे? बैल दमलेत माझे. वर आणि हे ओझं?"

"दमलेत म्हणूनच सांगते. सगळा मुलूख जत्रेला गेलाय. कितीतरी दिवसांत गाडी चढली नाही."

"येताना काठोकाठ होती, म्हातारे. डोळ्यांनी पाहिलीय. आणि मी काही पुन्हा इकडे येत नाही."

"तू नाही, तर दुसरं कुणी येईल की रे."

गाडीवानाने घागर न घेताच बैल हाकले.

माथ्यावर पोचला तेव्हा डोण कोरडी ठाक. तळाला वाळलेली पानं. डावीकडचा बैल गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. वासरू होतं तेव्हापासून त्याने हाताने चारलेला तो बैल. खाली जावं तर त्याला टाकून जावं लागणार, आणि पाणी आणायला जवळ भांडंही नव्हतं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन गाडीवान नुसता बसून राहिला.

उन्हं कलली. वळणावरून म्हातारी येताना दिसली. डोक्यावर घागर, पाऊल पाऊल टाकत, धापा टाकत. तिने आधी बैलाच्या तोंडात ओंजळीने पाणी सोडलं. उरलेलं डोणीत ओतलं. दुसरा बैल डोणीकडे वळला. पडलेल्याने कान हलवले, मग मान उचलली.

"आई," गाडीवान म्हणाला, "काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर."

म्हातारीने बैलाच्या कपाळावरून हात फिरवला. रिकामी घागर कमरेवर घेतली आणि ती घाट उतरू लागली. हातातलं कडं घागरीवर ठणठण वाजत होतं. तोच आवाज. त्या घागरी रिकाम्या का असायच्या, ते त्याला आज कळलं. त्याने हात जोडले. म्हातारीने मागे वळून पाहिलं नाही. ती वळणाआड गेली.

तात्पर्य: वाटेत आपल्याला मिळालेलं पाणी कुणीतरी चढ चढून आणलेलं असतं, मागून येणाऱ्यासाठी आपणही घागरभर न्यावं.